क्षयजंतूंची ओळखपरेड

झील-नील्सन पद्धतीने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू लाल, किंचित वाकलेल्या काड्यांसारखे दिसतात. धारावीतल्या रुग्णाच्या थुंकीतले, चेन्नईतल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्याही रुग्णाच्या थुंकीतले, सगळे सारखेच. लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमाच्या हिरव्या उतारावर तीन-चार आठवडे वाढवले तरी उगवते ती तीच खरखरीत, पिवळट-बदामी वाढ. कोणते औषध लागू पडते आणि कोणते नाही, यावरून फरक करावा म्हटले, तर उपचार अर्धवट राहिले की तोच जंतू सहा महिन्यांत दुसऱ्या रूपात समोर येतो. जी खूण स्वतःच बदलते तिच्यावर ओळख कशी पटवणार? जंतूला कोणते विषाणू मारतात यावरून, म्हणजे फाज टायपिंगने, काही वर्षे प्रयत्न झाले, पण त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच प्रकार पडत.

प्रश्न मात्र अगदी रोखठोक असतात. एकाच चाळीत दोन खोल्यांत दोघांना टीबी झाला. एकाचा दुसऱ्याला लागला, की दोघांनी तो वेगवेगळ्या ठिकाणांहून आणला? सहा महिने गोळ्या खाऊन बरा झालेला रुग्ण तीन वर्षांनी परत खोकत आला. जुनाच जंतू उठला, की नवा शिरला? प्रयोगशाळेत एकाच दिवशी हाताळलेल्या पाच नमुन्यांत जंतू उगवला. पाचही जण खरेच आजारी आहेत का? या तिन्ही प्रश्नांना डीएनए फिंगरप्रिंटिंग उत्तर देते. ते उत्तर कधी पक्के मानायचे आणि कधी नाही, हे कळायला ठसा कसा उमटतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

क्षयजंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे ४४ लाख अक्षरांचा. प्रयोगशाळेत जगभर वापरला जाणारा एच३७आरव्ही हा स्ट्रेन, म्हणजे जंतूचा वाण, १९९८ साली पूर्ण वाचला गेला. अडचण अशी, की हा जंतू इतर जिवाणूंसारखी जनुकांची देवाणघेवाण जवळजवळ करत नाही. ई. कोलायचे दोन स्ट्रेन घेतले तर शेकडो जनुके एकात असतात आणि दुसऱ्यात नसतात. क्षयजंतूच्या दोन दूरच्या घराण्यांत फरक साधारण हजार-दोन हजार अक्षरांचा, तोही सगळीकडे विखुरलेला. कुठलेही एक जनुक उचलून वाचले, तर बहुधा दोघांत तेच सापडणार. म्हणून जीनोममधला हलता भाग शोधावा लागला.

तो भाग म्हणजे आयएस६११०. १,३५५ अक्षरांचा हा तुकडा स्वतःची प्रत काढून जीनोममध्ये दुसऱ्या जागी घुसवू शकतो. एखाद्या स्ट्रेनमध्ये त्याची एकही प्रत नसते, एखाद्यात पंचविसेक असतात; एच३७आरव्हीमध्ये सोळा आहेत. किती प्रती आणि कोणकोणत्या जागी, हाच ठसा. तो उमटवण्याची युक्ती साधी आहे. पीव्हीयू-२ हे एन्झाइम सीएजीसीटीजी हा क्रम दिसेल तिथे डीएनए कापते आणि आयएस६११० च्या पोटात असा क्रम एकदाच येतो. प्रोब, म्हणजे जुळणाऱ्या क्रमाला चिकटून तो दाखवणारा डीएनएचा तुकडा, निवडायचा तो या कापाच्या उजवीकडच्या भागाचा. मग प्रत्येक प्रतीचा एकच तुकडा चमकतो, आणि त्याची लांबी ठरते ती जीनोममध्ये उजवीकडे पुढचा काप किती अंतरावर आहे त्यावर. तुकडे जेलमध्ये विजेने लांबीनुसार वेगळे करून फिल्मवर उमटवले, की चमकणाऱ्या प्रत्येक तुकड्याची एक रेघ, म्हणजे बँड, दिसते. प्रती जितक्या, बँड तितके. १९९३ मध्ये या पद्धतीचे प्रमाण ठरले: हेच एन्झाइम, हाच प्रोब, जेलच्या कडेच्या लेनमध्ये, म्हणजे एका नमुन्याच्या पट्टीत, हाच संदर्भ स्ट्रेन. त्यामुळे एका देशातली फिल्म दुसऱ्या देशातल्या फिल्मशेजारी ठेवून वाचता येऊ लागली. माझ्या मते रसायनांपेक्षा हा करार मोठा होता.

प्रत्यक्ष काम मात्र चिवट. या जंतूची संख्या दुप्पट व्हायला वीस तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन मायक्रोग्रॅम डीएनए मिळवायला भरगच्च उगवलेला स्लोप हवा. लूपने ती वाढ खरवडून ४०० मायक्रोलिटर टीई बफर या द्रावणात घ्यायची आणि ८० अंशांवर वीस मिनिटे ठेवून मारायची. इथली चूक सर्वांत महाग पडते. ट्यूब हीट ब्लॉकच्या खाचेत अर्धीच बुडाली, तर झाकणाच्या आतल्या कडेला चिकटलेले जंतू तेवढे तापत नाहीत. ट्यूब पाण्यात झाकणापर्यंत बुडालेली हवी, आणि मारलेल्या नमुन्यातून खरेच काही उगवत नाही हे पुन्हा कल्चर करून तपासल्याखेरीज तो सुरक्षित खोलीबाहेर काढायचा नाही.

पुढचा अडसर म्हणजे भिंत. मायकोलिक आम्लांच्या मेणचट थरामुळे हा जंतू साध्या डिटर्जंटला दाद देत नाही. ५० मायक्रोलिटर लायसोझाइम, म्हणजे भिंत फोडणारे एन्झाइम, घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवावे लागते. एका तासातही भागते असे लिहिलेले आढळते, पण मग हाती येणारा डीएनए निम्माशिम्मा असतो. दुसऱ्या दिवशी एसडीएस हा डिटर्जंट आणि प्रोटिनेज के हे प्रथिने तोडणारे एन्झाइम, ६५ अंशांवर दहा मिनिटे. मग १०० मायक्रोलिटर पाच मोलर मीठ, आणि त्यानंतरच सीटॅब, हाही एक डिटर्जंटच. हा क्रम उलटा करायचा नाही. मिठाचे प्रमाण अर्ध्या मोलरच्या खाली असेल तर सीटॅब डीएनएलाच धरून खाली बसवते. मीठ पुरेसे असेल तर ते भिंतीतल्या शर्करांना धरते, आणि आपल्याला काढून टाकायच्या असतात त्या शर्कराच. त्या राहिल्या तर डीएनए चिकट होतो, पिपेटच्या टोकातून तार सुटते, आणि एन्झाइम अशा डीएनएला अर्धवट कापते.

क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल चोवीसास एक या प्रमाणात घालून फिरवले, की मध्ये पांढरा थर जमतो. वरचे पाणी घेताना त्या थराला टोक लागू द्यायचे नाही. शेवटचे पन्नास मायक्रोलिटर सोडून द्यावेत, हाव करू नये. मग ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल, उणे वीस अंशांवर अर्धा तास, सेंट्रीफ्यूज आणि थंड ७० टक्के इथेनॉलने एक धुणे. खाली बसलेली गोळी फार वाळवली तर ती परत विरघळत नाही, आणि न विरघळलेला डीएनए जेलच्या खाचेतच बसून राहतो.

कापायला घालण्यापूर्वी एक मायक्रोलिटर डीएनए छोट्या जेलवर चालवून अंदाज घ्यावा. सर्व लेनमध्ये प्रमाण सारखे हवे. एका लेनमध्ये दुप्पट पडला तर तिथले बँड मागे रेंगाळतात आणि शेजारच्या लेनशी तुलना बिघडते. एन्झाइमचे आकारमान एकूण मिश्रणाच्या दशांशापेक्षा जास्त नको, कारण ते ग्लिसरॉलमध्ये येते, आणि ग्लिसरॉल वाढले की पीव्हीयू-२ आपला क्रम सोडून भलतीकडेही कापू लागते. याच्या उलट, कापणी अपुरी राहिली तर वरच्या भागात फिके, जादा बँड दिसतात. हे भुताटकीचे बँड खरे धरले, की एकाच स्ट्रेनचे दोन स्ट्रेन होतात. म्हणून मुख्य जेलआधी थोडा भाग चालवून पाहायचा. एकसारखा पसरलेला धूर दिसला तर कापणी पुरी झाली.

जेल लांब घ्यायचे, निदान वीस सेंटिमीटरचे, आणि कमी व्होल्टवर रात्रभर चालवायचे. घाई करून व्होल्ट वाढवले तर जेल मध्यभागी तापते, मधल्या लेन पुढे पळतात आणि सगळी ओळ धनुष्यासारखी वाकते. नंतर पाव मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटे, म्हणजे लांब तुकडे जरा तुटून पडद्यावर सहज चढतात. घड्याळ चुकले तरी ब्रोमोफिनॉल ब्लू सांगतो: निळी रेघ पिवळी पडली की आम्ल आत पोचले. जास्त वेळ ठेवले तर तुकडे इतके बारीक होतात की नायलॉनवर टिकत नाहीत. पुढे अल्कलीत धागे सुटे करायचे आणि कागदांच्या थप्पीने ओढून डीएनए पडद्यावर घ्यायचा. जेल आणि पडदा यांत हवेचा बुडबुडा राहिला तर फिल्मवर गोल पांढरा डाग येतो, आणि तो नेमका बँडच्या जागी आला तर एक प्रत हरवते. काचेच्या कांडीने बुडबुडे बाहेर लोटण्याची दोन मिनिटे कोणी वाचवू नयेत. जेलच्या कडेने प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या नाहीत तर वरचे कागद खालच्या ओल्या कागदाला टेकतात आणि बफर जेलमधून न जाता बगलेने वर चढतो.

पडद्यावर प्रोब चिकटवल्यावर त्याची फिल्म दोनदा घ्यावी, एकदा थोडा वेळ आणि एकदा बराच वेळ. थोड्या वेळाच्या फिल्मवर फिका बँड दिसत नाही. जास्त वेळाच्या फिल्मवर जवळजवळचे दोन बँड मिसळून एक होतात. वाचणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवूनच मोजावे. संगणकावर जुळवणी करताना बँडच्या जागेत सुमारे एक टक्का सूट द्यावी लागते. सूट वाढवली तर सगळे एकमेकांचे भाऊ होतात, कमी केली तर एकाच माणसाचे दोन नमुनेही परके ठरतात.

ही पद्धत युरोप-अमेरिकेत फार चांगली चालली. नेदरलँड्सने १९९३ पासून देशातल्या प्रत्येक कल्चर-पॉझिटिव्ह रुग्णाचा ठसा घ्यायला सुरुवात केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासाने एक जुना समज मोडला. शहरातला बहुतेक टीबी म्हणजे जुना दबलेला संसर्ग म्हातारपणी वर येणे, असे मानले जाई. ठशांनी दाखवले की जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांचा संसर्ग ताजा होता. पंधरा बँड जागच्या जागी जुळणाऱ्या दोन रुग्णांत दुवा असणार, हे मानणे तिथे रास्त होते. आयएस६११० ची हालचालही सोयीच्या वेगाची: ठसा बदलण्याचा अर्धायुकाल तीन-चार वर्षांचा, म्हणजे साथ शोधण्याइतका स्थिर आणि शेजारी वेगळे करण्याइतका चंचल.

चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात हीच पद्धत चालवली तेव्हा लेनमागून लेन एकच बँड दिसू लागला. कित्येक लेन तर कोऱ्याच. दक्षिण भारतातल्या जंतूंत आयएस६११० ची एकच प्रत असलेल्या, किंवा एकही नसलेल्या, स्ट्रेनचे प्रमाण फार मोठे आहे. आणि एकच प्रत असते तेव्हा ती बहुतेक वेळा ठरलेल्या एकाच जागी, डीआर नावाच्या पुनरावृत्तीच्या पट्ट्यात, बसलेली असते. म्हणजे कधी एकमेकांची गाठही न पडलेल्या माणसांचे जंतू फिल्मवर हुबेहूब सारखे दिसणार. यात रसायने चुकलेली नव्हती, हातही चुकले नव्हते. चुकले होते ते गृहीतक. ओळखपरेडीत उभ्या असलेल्या सगळ्यांनीच पांढरा सदरा घातला असेल, तर ‘पांढऱ्या सदऱ्याचा माणूस’ या वर्णनाला काही किंमत उरत नाही.

म्हणून पुढे नियम झाला, की सहापेक्षा कमी प्रती असतील तर केवळ या ठशावर निष्कर्ष काढू नये, दुसरी पद्धत जोडावी. पण मुद्दा सहा या आकड्यापुरता नाही. बीजिंग घराण्याच्या जंतूंत पंधरा-वीस प्रती असतात, तरी त्यांचे ठसे आपसात इतके सारखे असतात की तिथेही फसगत होते. दोन ठसे वेगळे निघाले तर ते वेगळेपण बहुधा पक्के. जुळले, तर त्या जुळण्याचे वजन त्या वस्तीत तो ठसा किती जणांकडे आहे यावर ठरते, आणि ते फिल्मवर दिसत नाही. त्यासाठी त्या भागातले शे-दोनशे ठसे आधीच जमवलेले लागतात. एवढी पूर्वतयारी न करता ‘साखळी सापडली’ असे जाहीर करणारे निबंध मला कधीच पटलेले नाहीत.

ज्या डीआर पट्ट्याने घोळ घातला, त्यातूनच दुसरी पद्धत निघाली. तिथे ३६ अक्षरांचा एक क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि दर दोन पुनरावृत्तींच्या मध्ये एक वेगळाच तुकडा, स्पेसर, असतो. १९९७ मध्ये स्थिरावलेल्या स्पोलिगोटायपिंगमध्ये असे ४३ स्पेसर पडद्यावर रेघांनी बसवतात. रुग्णाच्या नमुन्यातून हा पट्टा पीसीआरने वाढवायचा, पडदा काटकोनात फिरवून नमुने त्या रेघांवर आडवे सोडायचे, आणि कोणते स्पेसर आहेत ते ४३ काळ्या-पांढऱ्या चौकोनांत वाचायचे. एका पडद्यावर ४३ नमुने आणि दोन कंट्रोल, म्हणजे आधीच ठाऊक असलेले नमुने, मावतात. एक टक्का एसडीएसमध्ये ८० अंशांवर धुतला तर तोच पडदा वीसेक वेळा चालतो. धुणे अपुरे राहिले तर मागच्या खेपेचे चौकोन पुसट उमटतात, म्हणून दर वेळी धुतल्यावर फिल्म लावून पडदा कोरा झाल्याची खात्री करायची. डीएनए अगदी थोडा पुरतो, मेलेल्या जंतूंचाही चालतो. जाता जाता सांगायचे तर, हाच पुनरावृत्तीचा पट्टा २००२ नंतर क्रिस्पर या नावाने ओळखला जाऊ लागला. जनुकांचे कातरकाम करणारे तंत्र त्यातून पुढे निघण्याच्या कितीतरी आधी टीबीच्या प्रयोगशाळा त्याची हजेरी घेत होत्या.

स्पोलिगोटायपिंग घराणे चोख सांगते. पहिले ३४ स्पेसर गायब आणि शेवटचे नऊ हजर, तर बीजिंग. चार ते सात आणि तेवीस ते चौतीस गायब, तर मध्य आशियाई घराणे, म्हणजे कॅस. एकोणतीस ते बत्तीस आणि चौतीस नाहीत पण तेहतीस आहे, तर पूर्व आफ्रिकी-भारतीय. दक्षिणेतले कमी प्रतींचे जंतू बहुतांशी या घराण्यातले. उत्तर भारतात कॅसचा जोर, मुंबईत कॅसबरोबर बीजिंगही ठळक. पण मुंबईतल्या दोन रुग्णांत कॅसचा तोच नमुना सापडला, तर कळते एवढेच, की दोघांचे जंतू एका घराण्यातले आहेत. शिवाय स्पेसर जातात ते गठ्ठ्याने, आणि गेले की परत येत नाहीत; त्यामुळे दोन वेगळ्या वंशांत योगायोगाने तेच स्पेसर गळून दोघे सारखे दिसू शकतात.

त्यानंतरची मिरू-व्हीएनटीआर ही २४ जागांवरच्या पुनरावृत्ती मोजून २४ आकडी नंबर देणारी पद्धत. पीसीआरवर चालते, वाचायला सोपी, आणि कमी प्रतींच्या जंतूंनाही वेगळे करते. एकाच जागी दोन आकडे आले तर मात्र थांबावे. चोवीसपैकी फक्त एका जागी असे झाले असेल, तर रुग्णाच्या शरीरात जंतू बदलतो आहे. तीन-चार जागी झाले असेल, तर दोन जंतूंचा मिश्र संसर्ग तरी असेल, नाहीतर नमुन्यांची सरमिसळ.

सरमिसळीचा प्रश्न तर सर्वांत आधी तपासावा. थुंकीवर कॉस्टिक सोडा आणि एनएएलसी या कफ पातळ करणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करताना एकाच बाटलीतला बफर वीस ट्यूबांत ओतला जातो. बाटलीचे तोंड एका भरगच्च पॉझिटिव्ह ट्यूबला टेकले, की पुढच्या दोन-तीन नमुन्यांत मोजक्या वसाहती उगवणार. संशयाची लक्षणे ठरलेली आहेत: स्मिअर निगेटिव्ह (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेला नाही), तीन नमुन्यांपैकी एकाच नमुन्यात वाढ, त्यातही चार-पाचच वसाहती, आणि त्याच दिवशीच्या कामात आधी एक जोरदार पॉझिटिव्ह. अशांचे ठसे घेतले आणि ते जुळले, तर ती साथ रुग्णांत नसून बाटलीत आहे. ठसा एच३७आरव्हीशी जुळला तर आणखी सोपे. तो प्रयोगशाळेचाच पाळीव जंतू. बफर दर नमुन्याला स्वतंत्र, छोट्या बंद ट्यूबांत भरून ठेवला तर हा धोका बराच कमी होतो. टीबी नसलेल्या माणसाला सहा महिने औषधे देण्यापेक्षा हे स्वस्त आहे. या एका कामासाठीसुद्धा फिंगरप्रिंटिंगचा खर्च वसूल होतो, असे मी म्हणेन.

परत आलेल्या आजाराचे उत्तरही बरेच सरळ मिळते, कारण इथे तुलना असते त्याच माणसाच्या दोन नमुन्यांची. १९९९ मध्ये केपटाऊनजवळच्या एका अभ्यासात बरे होऊन परत आजारी पडलेल्या सोळा जणांपैकी बारांमध्ये ठसा वेगळा निघाला. औषधे फसली नव्हती, नवा संसर्ग झाला होता. दक्षिण भारतात एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत चित्र याच्या उलटे, बहुतेकांत जुनाच जंतू. एचआयव्ही असलेल्यांत मात्र बहुतेकदा नवा. त्यासाठी पहिल्या वेळचा जंतू उणे सत्तर अंशांवर जपून ठेवलेला असावा लागतो. तुलनेला एकच वसाहत उचलू नये. मिश्र संसर्गात दुसरा जंतू सुटून जातो.

आता सगळा जीनोमच वाचता येतो. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मापे दिली: वर्षाला साधारण अर्धे अक्षर बदलते, दोघांत पाचपर्यंत फरक असेल तर ताजा दुवा संभवतो, बारापेक्षा जास्त असेल तर बहुधा नाही. जीनोमचा सुमारे दशांश भाग, पीई-पीपीई जनुकांचा, पुनरावृत्तीने इतका भरलेला आहे की छोटे तुकडे जोडून वाचताना तिथे खोटे फरक निघतात. तो भाग झाकूनच मोजणी करतात. तो किती झाकला हे न सांगता दिलेला फरकाचा आकडा वाचू नये. मुंबई महानगर भागातल्या बहुऔषधरोधी जंतूंचे जीनोम वाचणाऱ्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजिंगच्याच वंशातला एक क्लोन, म्हणजे एकाच जंतूची संतती, प्रबळ दिसला, फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या औषधांनाही दाद न देणारा. एकाच क्लोनने शहर व्यापलेले असेल, तर पाच अक्षरांच्या आत सापडणारे दोघे एकमेकांपासूनच आजारी पडले असे नाही. मध्ये कधीच न तपासलेले चार जण असू शकतात. मिडलँड्समधले पाच आणि कुर्ल्यातले पाच सारख्या वजनाचे नाहीत. चेन्नईच्या एकट्या बँडचीच ही गोष्ट, जरा महाग यंत्रावर.

त्यामुळे अहवालात ‘दोन्ही जंतू एकच’ असे लिहू नये. ‘अमुक पद्धतीने वेगळे करता आले नाहीत’ असे लिहावे, पद्धतीचे नाव द्यावे, आणि त्याच भागातल्या किती नमुन्यांत हा ठसा आढळतो तो आकडा सोबत द्यावा.

यातले पुष्कळसे काम कल्चरवर उभे आहे. भारतात आता निदान बहुधा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या थेट थुंकीवरच्या झटपट डीएनए चाचण्यांवर होते. रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, याचे उत्तर दोनेक तासांत मिळते, रुग्णासाठी ते उत्तमच, आणि उरलेली थुंकी टाकून दिली जाते. थुंकीतून थेट पूर्ण जीनोम वाचायला गेले तर त्यात माणसाचाच डीएनए भरमसाठ निघतो. औषधरोधाची मोजकी जनुके वाचणाऱ्या चाचण्या थेट थुंकीवर चालतात, पण तेवढ्या अक्षरांवर दोन शेजारी वेगळे करता येत नाहीत. साखळी शोधायची असेल तर निदान झालेल्या प्रत्येक दहापैकी काही थुंक्या तरी थंड पेटीतून, तीन दिवसांच्या आत, कल्चरच्या प्रयोगशाळेत पोचायला हव्यात. आणि त्या कोणत्या वस्तीतून, कोणत्या महिन्यात आल्या, याची नोंद ट्यूबच्या नंबराला जोडलेली हवी.